गडगा: एक उन्हाळा घातला, एक पावसाळा काढला

आधी निकाल सांगते. ४२ फूट गडगा घातला. त्यातला ३५ फूट पावसाळ्यात जागचा हलला नाही, उरलेल्या सात फुटांना पोट सुटलं, म्हणजे भिंत मध्ये बाहेर फुगली. ते सात फूट मी एकटीने घातले होते.

कोकणाबाहेरच्यांसाठी: गडगा म्हणजे शेताची, बागेची, परड्याची हद्द राखणारी दगडी भिंत. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. घाटावर शेतात ताली असतात, त्यांची ही चुलत बहीण म्हणा.

आमचं घर राजापूर तालुक्यात, उतारावर. जुलै २०२४ मध्ये मागचा गडगा तीन ठिकाणी ढासळला. पुण्यातून फोन करून दर विचारले तर जो तो म्हणे, चिऱ्याची, म्हणजे घडीव जांभ्या दगडाची, भिंत घ्या, सिमेंटात, कायमचं काम. शेजारच्या बागेत असं कायमचं काम दोन वर्षांपूर्वी झालं होतं. पाणी जायला भोकं ठेवली नव्हती. मागे माती भिजून फुगली आणि अख्खी भिंत एका तुकड्यात पालथी पडली. गडगा असा पडत नाही. वरून आलेलं पाणी त्याच्या फटींतून गाळून निघून जातं, आणि पडलाच तर दोन-चार फूट ढासळतो. दगड तिथेच असतात, पुन्हा लावायचे. हिशेब मला पटला, म्हणून ठरवलं की आपणच शिकायचं.

पहिली चूक पैशांची. पारंपरिक बांधकामाची दोन दिवसांची कार्यशाळा केली, साडेसहा हजार रुपये. दीड दिवस पडद्यावर फोटो, अर्धा दिवस चुना कालवणं, तेही चष्म्याशिवाय. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जातो. हे सांगायला कोणी नव्हतं. प्रमाणपत्र मात्र जाड कागदावर छापलेलं होतं.

खरं शिक्षण वाडीतल्या तात्यांकडे झालं. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर गडगे घातलेले. नोव्हेंबरपासून मी महिन्याआड आठवडाभर गावी जायची. पहिले तीन दिवस त्यांनी मला एकही दगड लावू दिला नाही. मोडलेला गडगा उलगडायचा आणि ढीग करायचे: पायाचे थोराड, तोंडाचे म्हणजे दर्शनी बाजूचे, आरपार जातील असे लांब, आणि चिपा, म्हणजे बारीक तुकडे. लांब दगडांचा ढीग सगळ्यात लहान होतो, हे तेव्हाच बघून ठेवायला हवं होतं.

दगड उचलायची रीतसुद्धा शिकावी लागते. आमच्याकडे जांभ्याच्या दगडांत फुरशी असतात, विषारी साप, वीतभर-दीडवीत, दगडाच्याच रंगाचे. म्हणून हात घालायचाच नाही. पहारीने दगडाची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे उलटायचा. खाली काही असलं तर मध्ये दगड राहतो. दोन महिन्यांत एक फुरसं आणि चार विंचू निघाले. फुरसं खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. तो ऐकल्यावर मी अर्धा तास बांधावर बसून होते. तात्या तोवर चहा पिऊन आले.

आमचा गडगा बुडाशी अडीच फूट, माथ्याला दीड, उंची चार फूट. दोन तोंडं, दोन्ही आत कलती, मध्ये चिपांचा भराव. एक फूट लांबीला तीन-साडेतीनशे किलो दगड लागतो, आणि तो प्रत्येक किलो दोनदा उचलावा लागतो. सांधेमोड सगळ्यांना माहीत असते: खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड. ते मला दुसऱ्या दिवशी जमलं. जमायला वेळ लागला तो वेगळ्याच गोष्टीला. दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी, तोंडाला त्याची छोटी बाजू दिसली तरी चालेल. नवशिक्याचा हात उलटा चालतो. लांब बाजू दर्शनी लावली की काम भराभर पुढे सरकतं, फोटोही छान येतो. आत मात्र त्या दगडाची पकड चार बोटांचीसुद्धा नसते.

प्रत्येक थर झाला की तात्या अनवाणी त्यावरून चालायचे. बोलणं एवढंच: "हालतोय." मी वरून चीप ठोकायला गेले की, "वरसून नको गो बाय. काढ तो." काढायचा, आतली बैठक बघायची, मागून चीप बसवायची, परत ठेवायचा. एका दगडासाठी मी असं पाच वेळा केलंय. चिपा ते कधी घमेल्याने ओतत नसत. एकेक निवडून, फिरवून, सुतकीच्या, म्हणजे दगडकामाच्या हातोड्याच्या, दांड्याने ठोकून बसवत. मला वाटायचं हा म्हाताऱ्या माणसाचा चोखंदळपणा. दिवसाला मी तीन फूट पुढे जायची, ते नऊ.

मार्चमध्ये ते आठवडाभर लेकीकडे गेले. मी शेवटचे सात फूट एकटीने उरकले. लांब दगड संपत आले होते, म्हणून जिथे आरपार दगड हवा तिथे दोन आखूड दगड नाकाला नाक लावून ठेवले. बाहेरून कुणाला कळणार? आणि भराव ओतला, घमेल्याने.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोसळला. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्याची सुरुवातच अशी. जूनच्या शेवटी गेले तेव्हा गडग्याच्या तळातून पाणी स्वच्छ झिरपत होतं. ऑगस्टमध्ये दोरी ताणली, ओळंबा सोडला. तात्यांच्या देखरेखीखालचे ३५ फूट दोरीला चिकटून. माझ्या सात फुटांना मधोमध तीन इंच पोट. ओतलेल्या चिपा पाण्याने खाली बसल्या, बसताना पाचरीसारख्या दोन्ही तोंडांना बाहेर ढकलत गेल्या, आणि ती तोंडं धरून ठेवायला आत आरपार दगड नव्हता. गडगा दिसतो तोंडाने, उभा राहतो पोटातल्या भरावावर.

परदेशी व्हिडिओंबद्दल. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या भिंतींचे मी तासन् तास बघितले. तत्त्व तेच आहे, उपयोग झाला. पण तिथला दगड बऱ्याच ठिकाणी फरशीसारखा चपटा सुटतो, आपला जांभ्याचा दगड बटाट्यासारखा. त्यांच्या वेगाने आपलं काम होईल ही आशा सोडा. २०१८ मध्ये युनेस्कोने कोरड्या दगडी बांधकामाची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अर्ज युरोपातल्या आठ देशांचा होता. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता मजुरी वाढेल काय?"

अवजारं थोडक्यात. दीड किलोची सुतकी गावातल्या लोहाराकडून घेतली, उत्तम. ऑनलाइन मागवलेला चकचकीत हातोडा काळ्या दगडावर दुसऱ्या दिवशी पिचला. कातडी हातमोजे नऊ दिवस टिकतात, तीन जोड घ्या. पुढे लोखंडी टोपी असलेले बूट घ्याच. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून पूर्ण आलेलं नाही.

आता चुना. घराचं जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, मूळ दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्यात भरलेल्या. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच त्यावर सिमेंटच्या दर्जा मारून घेतल्या. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट ते सोडू देत नाही, मग ओल चिऱ्यातूनच बाहेर पडते आणि चिऱ्याचा पापुद्रा नेते. आज चिरे बोटभर आत गेलेत आणि सिमेंटची जाळी बाहेर उभी आहे. मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर असंच दृश्य दिसतं. समुद्राच्या माऱ्याने तटाचे दगड झिजलेत आणि मधला चुना शाबूत आहे. लोक कौतुकाने फोटो काढतात, रास्तच आहे. पण तिथे सतराव्या शतकापासून लाटा खाल्ल्यावर हे झालं. आमच्याकडे पंधरा वर्षांत, तेही समुद्र नसताना.

सिमेंट काढायला ग्राइंडर वापरू नका. चाक एकदा घसरलं की चिऱ्याला कायमचा चरा. छिन्नी-हातोडीने इंचभर खोल दर्ज मोकळी केली, झाडली, भिजवली. चुना तीन महिने पाण्याखाली मुरवलेला होता. एक भाग चुना, अडीच भाग धुतलेली वाळू, त्यात थोडा भाजक्या विटांचा चुरा. हा चुरा महत्त्वाचा. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, चुऱ्यामुळे तो दमट जागीही धरतो. गूळ घालून एक तुकडा करून बघितला. कालवायला मऊ लागला खरा, पण दोन दिवस मुंग्यांची रांग. परदेशी नैसर्गिक हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यातही घट्ट होणाऱ्या, चुन्याची एक गोणी आणली होती. एवढ्याशा जोत्याला तिची गरज नव्हती, फक्त खिसा हलका झाला.

फेब्रुवारीतलं काम ओल्या गोणपाटाखाली दोन आठवडे ठेवलं, ते छान धरलं. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या बाजूला घाई केली. उन्हाने ते कडक होण्याआधीच वाळलं, आता नखाने भुकटी पडते. चुना किती धरलाय ते बघायला फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकतात: कच्चा असला तर गुलाबी, पक्का असला तर रंग नाही. परवा, आठ महिन्यांनी, फेब्रुवारीच्या कामाचा एक तुकडा फोडून थेंब टाकले. बाहेरचे सात-आठ मिलिमीटर कोरे, आत लख्ख गुलाबी. म्हणजे अजून धरतोच आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून ओळखीतले दोन गट मला विचारून गेले: आमच्याकडच्या किल्ल्यावर ढासळलेला तट आहे, या ना, दगड लावू. नाही. संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावणं १९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी गेले नसते. पडलेला दगड कुठल्या थरातला हे त्याच्या पडण्यावरून कळतं. आपण तो उचलून 'बरा दिसेल' तिथे ठेवला की ती खूण गेली. मोजमापाला, नोंदी ठेवायला जा. माझ्या गडग्याला पोट आलं तर माझ्या काजू जातील, तटाला आलं तर?

खर्च: तात्यांची मजुरी आणि अवजारं धरून सिमेंटच्या भिंतीच्या दरापेक्षा निम्म्याहून कमी. वेळ मात्र पाच महिने, जे काम कंत्राटदार आठवड्यात करणार होता. पाठ आधीच दुखत असेल तर या वाटेला जाऊ नका. एकट्याने शिकायचं असेल तर गुडघ्याएवढा, दहा फुटांचा गडगा घाला आणि एक पावसाळा जाऊ द्या. त्याआधी स्वतःला शंभरपैकी किती द्यायचे हे कळत नाही. मार्चमध्ये मी स्वतःला नव्वद दिले होते.

दिवाळीनंतर ते सात फूट उतरवायचे आहेत. तात्यांनी वरच्या बाजूच्या कातळावरून दोन लांब दगड हेरून ठेवलेत, खाली आणायला चार माणसं लागतील. चिपांची तीन घमेली मी आत्ताच निवडून भरून ठेवली आहेत.