यूसीएससी जिनोम ब्राउझर: फुकट आणि दमदार, पण आधी असेंब्ली (जिनोमची आवृत्ती) बघा

सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने जुलै 2000 मध्ये मानवी जिनोमचा मसुदा वेबवर खुला केला. त्यातूनच उभा राहिलेला, जिनोमचा नकाशा दाखवणारा हा ब्राउझर जुनाट दिसतो, पण कामाला चोख आहे. उघडल्यावर ट्रॅकची, म्हणजे एकाखाली एक माहितीच्या ओळींची, गर्दी अंगावर येते. आधी सगळे लपवा, मग लागतील ते चार-पाच चालू करा.

यातलं सर्वांत सरस हत्यार म्हणजे हा ब्राउझर घडवणाऱ्या जिम केंट यांचं ब्लॅट हे शोधसाधन. अनोळखी डीएनए तुकडा चिकटवला की जागा लगेच सापडते, कारण जिनोमची अनुक्रमणिका आधीच मेमरीत असते. मात्र ते 25 बेस (डीएनएची अक्षरं) किंवा जास्त लांबीच्या, 95 टक्क्यांहून अधिक जुळणाऱ्या तुकड्यांसाठी बनवलंय. दूरच्या प्रजातींतलं साम्य शोधायला ब्लास्ट हे दुसरं शोधसाधनच बरं.

इन-सिलिको पीसीआरमध्ये (पीसीआर, म्हणजे डीएनए तुकड्याच्या प्रती काढणं, संगणकावर करून बघण्याचं साधन) दोन्ही प्रायमर (तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे क्रम) 5' ते 3' या डीएनएच्या ठरलेल्या वाचनदिशेनेच द्यायचे. रिव्हर्स प्रायमर उलटा करून टाकला तर हाती शून्य येतं. तसा असेल तर 'फ्लिप'च्या चौकटीत टिक करा.

खरी फसगत आकड्यांत होते. वरच्या शोधपट्टीत मोजणी 1 पासून, बेड फाईलमध्ये (जिनोमवरच्या जागांची यादी) 0 पासून. पट्टीतलं 1001-1010 बेडमध्ये 1000 आणि 1010 असं लिहायचं. हे चुकलं तर एरर येत नाही, फक्त व्हेरियंट (डीएनएमधला बदल) एका बेसने सरकतो आणि कधी शेजारचाच अमिनो आम्ल बदललेला दिसतो. दुसरा खड्डा एचजी19 या जुन्या मानवी असेंब्लीचा: त्यातला मूळ मायटोकाँड्रियल क्रम 16,571 बेसचा, तर सगळे वापरतात तो प्रमाण क्रम 16,569 चा. एचजी38 या तिच्यानंतरच्या असेंब्लीत हा घोळ नाही, त्यामुळे नवं काम तिथेच सुरू करावं.

जुने निर्देशांक (जागांचे आकडे) नव्या असेंब्लीत हलवायला लिफ्टओव्हर हे साधन आहे, पण न बसलेल्या ओळींची वेगळी यादी मिळते ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हीसीएफ (व्हेरियंटची यादी असलेली फाईल) मात्र त्यातून नेऊ नये: नव्या असेंब्लीत संदर्भ बेसच वेगळा असू शकतो, आणि फाईलमधला संदर्भ बेसचा स्तंभ तसाच राहतो.

मोठी व्हीसीएफ दाखवायची तर बीजीझिपने (फाईल तुकड्यातुकड्याने दाबणारं साधन) दाबून शेजारी टीबीआय फाईल (तिची अनुक्रमणिका) ठेवावी लागते. साधं जीझिप चालत नाही. सर्व्हरनेही फाईलचा हवा तेवढाच तुकडा द्यायला हवा, नाहीतर ट्रॅक उघडतच नाही. रुग्णांचा डेटा असेल तर सार्वजनिक साइटवर चढवू नका, स्वतःच्या संगणकावर चालणारी आवृत्ती घ्या.