दोन टनी लेथ गाडीतून उतरवायचंय: टोळी, फोर्कलिफ्ट की हायड्रा?

भोसरीत किंवा अंबडला छोटं वर्कशॉप, दारात गाडी लागलेली, आत दोन टनांचं लेथ (धातू कातायचं मशीन) आणि शेडमध्ये क्रेन नाही. अशा वेळी बहुतेक मालक हमालांची टोळी, फोर्कलिफ्ट आणि हायड्रा (छोटी फिरती क्रेन) या तिन्हीकडे दर विचारतात आणि स्वस्त पडेल ते बोलावतात. दराआधी एक गोष्ट पाहावी: माल हलत असताना माणसं कुठे उभी राहणार?

टोळीचं आधी सांगतो. पहारी, लाकडी गुटके आणि पाइपचे रोलर घेऊन सपाट फरशीवर मशीन जागेवर नेण्यात जुन्या टोळीचा हात कोणी धरणार नाही. तिथे मशीन जमिनीपासून दोन-चार इंचच वर असतं. पण हौद्यातून फळ्यांवरून खाली घसरवायचं म्हटलं, तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. उतारावर सुटलेले दोन टन कुणालाच आवरत नाहीत, आणि आवरायला माणूस नेमका पुढेच उभा असतो. सुट्या गोण्यांचं काम वेगळं, पण तिथेही पाठीचा विचार करा. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायची मर्यादा 23 किलो येते. आपलं सिमेंटचं पोतं 50 किलोचं. टोळी लावायचीच तर माथाडी मंडळात नोंदलेली लावा. 1969 चा माथाडी कायदा याच माणसांसाठी झाला. वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, वाचवायला नाक्यावरून चार पोरं उचलून आणणं मला अजिबात पटत नाही.

फोर्कलिफ्ट ही माझी पहिली पसंती, कारण चालक सोडून कुणालाच मालाजवळ जावं लागत नाही. मात्र 3 टनी फोर्कलिफ्टच्या पाटीवरचे 3 टन हे सहसा पुढच्या फाट्यांच्या मुळापासून 500 मिलिमीटरवर वजनाचा मध्य धरून लिहिलेले असतात. मशीनची पेटी 1.6 मीटर रुंद असेल तर मध्य जातो 800 मिलिमीटरवर, आणि तिथे 3 टन उचलले जात नाहीत. चालकाला फोर्कलिफ्टवरचा लोड चार्ट (कुठे किती वजन चालतं तो तक्ता) दाखवायला सांगा. लेथचं वजन हेडस्टॉककडे, म्हणजे गिअर असलेल्या टोकाकडे, जास्त असतं, म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक हे सरकते भाग दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट बांधायचे आणि फाटे हेडस्टॉकच्या बाजूला धरून घालायचे. दारातला रस्ता खड्ड्यांचा किंवा उताराचा असेल तर मात्र फोर्कलिफ्ट नको. माल वर असताना एक चाक खड्ड्यात गेलं तरी फोर्कलिफ्ट कलंडते.

हायड्रा सहज मिळते, म्हणूनच जास्त वापरली जाते. तिची खरी अडचण माल लटकवून चालण्यात आहे. लटकलेला माल झुलतो, तो धरायला हेल्पर हाताने चिकटतो आणि क्रेनच्या पुढ्यात उलटा चालू लागतो. जुन्या हायड्रात तर चालकाची केबिन मागे असते, त्याला तो हेल्पर दिसतही नाही. मालाला दोन बाजूंनी लांब दोऱ्या बांधा आणि लांबूनच फिरवा. त्याहून बरं म्हणजे हायड्रा एका जागी उभी करून माल उचलायचा, खालून गाडी पुढे काढायची आणि माल तिथेच जमिनीवर टेकवायचा. पुढचं काम टोळीचं. माल लटकवायच्या बेल्टचा कोनही बघा. दोन टनांसाठी दोन बेल्ट आडव्या रेषेपासून 60 अंशांवर असतील तर प्रत्येकावर साधारण 1.15 टन ताण येतो, 30 अंशांवर तोच पूर्ण 2 टन होतो. बेल्ट, साखळ्या आणि शॅकल (जोडकड्या) यांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी ही अट 1948 च्या कारखाना कायद्यापासूनची आहे. दाखला मागितल्यावर ठेकेदार कुरकुरला, तर दुसरा ठेकेदार बघा.

तेव्हा सपाट काँक्रीट आणि खालून फाटे जातील अशी पेटी असेल तर फोर्कलिफ्ट. खराब जमीन किंवा खालून धरायला जागाच नसलेलं मशीन असेल तर जागेवर उभी राहणारी हायड्रा. आतल्या हलवाहलवीला दोन्हीकडे टोळी.

काहीही ठरवलंत तरी गाडीचा फाळका (हौद्याचं दार) उघडण्याआधी बाजूने डोकावून माल सरकून त्यावर टेकलाय का ते बघा आणि कडी काढणाऱ्याला समोर उभं राहू देऊ नका. चाकांना गुटके लावा, गाडीची किल्ली काम संपेपर्यंत तुमच्या हातात ठेवा.

मशीनची ऑर्डर अजून द्यायची असेल तर त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: एकूण वजन, वजनाच्या मध्याची खूण आणि खाली फाटे जातील असं लाकडी स्किड (बैठक).