सुबाभूळ, नीलगिरी की ऑस्ट्रेलियन बाभूळ: कुणाचा पाला कुठे टाकावा?

१९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत ही तिन्ही झाडं रस्त्याकडेला, पडीतात आणि धुऱ्यावर भरपूर लागली. उन्हाळा लागला की खाली पाल्याचा थर साचतो आणि आपल्याकडे बहुतेक जण तो धुऱ्यासोबतच पेटवून देतात. तो वापरायचा असेल, तर झाडाचा हिशेब वेगळा ठेवा आणि पाल्याचा वेगळा.

पाल्यात सुबाभूळ सरस. छाटलेला हिरवा पाला वाळवून मोजला तर नत्र ३ ते ४ टक्के भरतं. म्हणजे क्विंटलमागे किमान ३ किलो, साडेसहा किलो युरियात असतं तेवढं. फक्त ते हळूहळू मिळतं. आपोआप गळालेल्या पिवळ्या पानात नत्र कमी, कारण गळण्याआधी झाड ते परत ओढून घेतं. म्हणून छाटणीच करावी, आणि शेंगा धरण्याआधी. पाऊस लागला की काही आठवड्यांत बारीक पत्त्या गायब होतात, नुसत्या काड्या उरतात. झाड मात्र डोकेदुखी. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. बी टणक, वर्षानुवर्षं जमिनीत टिकणारं. शेंगा खताच्या खड्ड्यात गेल्या, तर खत पसरवताना आपणच तुरीच्या तासात सुबाभूळ पेरतो.

नीलगिरीच्या पानात तेल आणि फिनॉल जास्त, नत्र कमी. कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब, ५० च्या वर जातं. असा पाला वावरात गाडला की कुजवणारे जीवाणू जमिनीतलंच नत्र उसनं घेतात आणि पीक पिवळं पडतं. जमीन आंबट होईल ही भीती मात्र आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत फारशी खरी नाही.

ऑस्ट्रेलियन बाभळीचं 'पान' म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ. थर उकरून खालचं एखादं उचला: कोयत्याच्या आकाराचं, चामड्यासारखं, उभ्या शिरा जशाच्या तशा. शेजारचं सागाचं पान तोवर किड्यांनी आणि उधईने जाळी करून ठेवलेलं असतं. झाड स्वतः हवेतलं नत्र स्थिर करतं, पण लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि टॅनिन (तुरट द्रव्य) यांमुळे पाला कुजायला फार वेळ घेतो.

हाच दोष संत्र्याच्या बागेत गुण ठरतो. आच्छादन लवकर कुजून गेलं तर एप्रिल-मे मध्ये त्याचा उपयोग काय? वरुड-मोर्शीकडे उन्हात ओल धरायला मी ऑस्ट्रेलियन बाभळीचाच पाला पसरेन. फक्त बुंध्यापासून हातभर दूर. बुंधा ओला राहिला की डिंक्या रोगाला (सालीतून डिंक गळतो तो) आमंत्रण. आणि सुक्या पाल्याला ठिणगी लागू देऊ नका.

खड्ड्यासाठी सुबाभूळ, तीही एकटी नको. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी (खत कुजवायची जाळीदार विटांची टाकी, १० × ६ × ३ फूट) असेल तर बारीक केलेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), सुबाभळीचा पाला आणि शेणकाला यांचे थर द्या. ओल टिकवली तर साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. नीलगिरीचा पाला यात थोडाच, तोही आधी पावसात धुऊन निघालेला.

नवीन झाड लावायचं असेल तर तिन्हींपैकी एकही नको. धुऱ्यावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. तेही परदेशीच, पण पाला जवळपास सुबाभळीच्या तोडीचा, फांदी रोवली तरी जगतं, आणि फुलोऱ्याआधी छाटत राहिलं तर बी धरतच नाही.