कॅल्क्युलेटरचं कव्हर निघत नाही? ऊन, मेण, घासणं की सरळ पाऊच, काय परवडते

नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) नवीन साइंटिफिक कॅल्क्युलेटर आणला आणि त्याचं सरकतं कव्हर निघूनच नाही राहिलं, अशी बोंब कॉलेज सुरू झालं की ऐकू येतेच. उपाय जो तो वेगळा सांगते.

आधी फुकटवाला. कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएस सारख्या मॉडेलमधे कव्हर खाली, म्हणजे बरोबरच्या (=) बटणाकडे सरकवून काढायचं असते, मॅन्युअलमधेच लिहिलंय पण ते वाचते कोण! दुसरं म्हणजे जोर लावताना आपण दोन्ही बाजू मुठीत आवळतो, आणि कव्हरच्या त्याच कडा बॉडीच्या खाचेत बसलेल्या असतात, म्हणजे जितकं आवळाल तितकं ते घट्टच होणार. बॉडी मागून धरा, दोन्ही अंगठे कव्हरवर ठेवा अन् सरळ ढकला, एकाच कोपऱ्याला रेटलं तर जुन्या ड्रॉवरसारखं तिरपं होऊन अडकते. हात घामाने घसरत असतील (इथे घसरतातच) तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा अंगठ्याखाली घ्या. बरेच कव्हर इथेच निघतात.

उन्हात ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका भाऊ. असं प्लास्टिक ८ सेंटीमीटर रुंदीत २० डिग्रीला जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फुगते, आणि कव्हरसोबत बॉडीही तापून राहिली तर फायदा काय? शिवाय कंपनी वापरासाठी ४० डिग्रीपर्यंतच सांगते अन् आपल्याकडे मे मधे सावलीतच ४५ होते. फ्रिजचंही तेच, वरून पावसाळ्यात बाहेर काढल्याबरोबर पाणी सुटते ते वेगळंच.

एकदा निघाल्यावर परत टाइट बसू नये म्हणून खरा मुकाबला मेण आणि घासण्यात आहे. साधी पांढरी मेणबत्ती कव्हरच्या आतल्या कडांवर फिरवायची, जास्तीचं कपड्याने पुसायचं, झालं. नाही जमलं तर पुसून टाकता येते, घासलेलं प्लास्टिक काही परत येत नाही, म्हणून माझं मत आधी मेण. टाल्कम पावडरही चालते पण बटणांच्या फटीत जाते. खोबरेल नको, धूळ चिकटून महिन्याभरात चिखल होतो. अन् थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर तर बिलकूल नाही, प्लास्टिकच विरघळते.

कडेवर साच्याची बारीक धार राहिली असेल किंवा कव्हर वाकलेलं असेल तर मात्र मेणाने भागत नाही, तिथे ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, आणि फक्त कव्हरची कड घासायची, बॉडीची नाही. थोडं घासलं की लावून पाहत राहा, कारण जास्त झालं तर कव्हर बॅगेतच निघून पडते आणि मग रबरबँड लावून फिरा. धूळ झटकून, धुऊन, पूर्ण सुकल्यावरच परत चढवा.

कव्हर घरी ठेवून पाऊच घेणारेही आहेत. ओरखडे वाचतात, पण बॅगेत जाडजूड पुस्तकांचा दाब स्क्रीनवर आला तर नरम पाऊच काही कामाचा नाही, घ्यायचाच तर कडक झिपवाला घ्या. फक्त गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेसाठी डोकं खपवत असाल तर राहू द्या, तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, स्क्रीनवरचा व्हर्च्युअलच वापरावा लागते.