पाचगावात नवव्या मजल्यावर दहा महिने

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं घर सोडून गेल्या दसऱ्याला आम्ही शहराला लागून असलेल्या पाचगावात फ्लॅटवर राहायला आलो. कारण पूर. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी घरात शिरलं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की आमच्या सासूबाईंची झोप उडायची. यंदाच्या पावसात त्या बिनघोर झोपल्या. मला तेवढंच पुरेसं होतं.

आता इथला त्रास. पाणीच, पण टंचाईचं. एप्रिल-मेमध्ये टँकरशिवाय भागलं नाही. बोअरचं पाणी क्षारांचं, गिझरची कॉईल सहा महिन्यांत गेली. टँकरचे पैसे मेंटेनन्समधून जातात आणि फ्लॅट दाखवताना हे कुणीच सांगत नाही. महापालिका 1972 साली झाली, त्यानंतर पन्नास वर्षं शहराची हद्द वाढलीच नाही. वस्ती मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंब्याकडं पसरत गेली. शेताच्या बांधाला लागून अकरा मजले उभे राहिले, पाणी आणि गटार गावापुरतंच राहिलं.

लिफ्ट दोन, जनरेटर एकीलाच. मे महिन्यात वीज गेली आणि नेमका जनरेटरही बंद. आई, म्हणजे सासूबाई, भाजी घेऊन खालीच अडकल्या, गुडघ्यांनी नऊ मजले कसे चढणार? सातव्या मजल्यावरच्या बिहारी कुटुंबातल्या मुलानं त्यांना खुर्ची आणून दिली, पाणी दिलं आणि वीज येईपर्यंत सोबत बसून राहिला. त्याचे वडील गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत आहेत.

आमच्या मजल्यावर एक घर चंदगडचं, एक निपाणीचं, एक हुबळीचं. पेठेत चार पिढ्यांची ओळख होती. इथं ती मिळणार नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं. दिवाळीनंतर त्या बिहारच्या ताईंनी छठला गच्चीवर टबात पाणी भरून सूर्याला अर्घ्य दिलं. आई पहाटे उठून बघायला गेल्या आणि येताना पदरात ठेकुआ, म्हणजे छठचा गोड प्रसाद, घेऊन आल्या. आता त्या दुपारी ताईंकडंच असतात. तोडकंमोडकं हिंदी बोलतात, पण तांबड्या रश्श्याची कृती मराठीतच सांगतात.

इकडं घर बघत असाल तर उन्हाळ्यात या. मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल मागून घ्या आणि दोन्ही लिफ्ट जनरेटरवर चालवून दाखवायला सांगा. घरात म्हातारं माणूस असेल तर चौथ्या मजल्याच्या वर घेऊ नका.