साताऱ्यातलं ‘ब्राउन फॅट’ पॅकेज : टब चांगला, दावा कच्चा

साताऱ्यातल्या एका जिमने थंडी सुरू झाल्यापासून महिन्याचं एक पॅकेज काढलंय. आठवड्यातून तीनदा बर्फाच्या टबात तीन-तीन मिनिटं बसायचं, महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बॉडी कॉम्पोझिशन मशीनवर उभं राहायचं. बाहेर ‘ब्राउन फॅट’चा, म्हणजे तपकिरी चरबीचा फलक आहे : ‘पांढरी चरबी तपकिरी करा, बसल्या बसल्या वजन उतरवा’. टबही कामाचा आहे, मशीनही. फलक मात्र काढून टाकावा.

पांढऱ्या चरबीच्या पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो. ती साठवणीची पेशी. शिवाय भुकेवर लगाम ठेवणारं लेप्टिन हे संप्रेरक तीच सोडते, त्यामुळे तिला सरसकट शत्रू ठरवणं चूक. तपकिरी पेशीत बारीक बारीक अनेक थेंब आणि खच्चून भरलेले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, असतात. त्यांतल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. या मायटोकॉन्ड्रियांत यूसीपी-1 नावाचं प्रथिन असतं. एरवी इंधन जळलं की त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, तयार होतं. इथे यूसीपी-1 मधल्यामध्ये वाट काढून देतं आणि ती ऊर्जा थेट उष्णता होऊन बाहेर पडते. नवजात बाळाला हुडहुडी भरत नाही, ते ऊब धरतं ती मुख्यतः याच चरबीच्या जोरावर. मोठ्या माणसातही ती जिवंत असते, मानेत, गळ्याच्या हाडाच्या वर, मणक्याच्या कडेने. 2009 मध्ये पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे शरीरात साखर कुठे वापरली जाते ते दाखवणाऱ्या तपासणीच्या, अभ्यासांनी ते पक्कं केलं. पण पांढरी चरबी किलोंनी असते आणि तपकिरी ग्रॅमांनी, हे त्या फलकावर कुठेच नाही. पांढऱ्या चरबीत थंडीमुळे ‘बेज’, म्हणजे तपकिरीसारखं काम करणाऱ्या पेशी तयार होतात हे उंदरांत स्पष्ट दिसतं. माणसाचं सुटलेलं पोट त्या वाटेने उतरल्याचा भक्कम पुरावा नाही.

आता टब. साधारण 300 लिटर पाणी. नळाचं पाणी 22 अंशांचं धरलं, तर ते 10 अंशांवर आणायला जवळपास 40 किलो बर्फ लागतो. इथे दोन पोती बर्फ ओततात आणि हाताने अंदाज घेतात. थर्मामीटर नाही. पहिला गडी 8 अंशांत बसतो आणि चौथा 14 अंशांत, मग ‘तीन मिनिटं’ या आकड्याला काय अर्थ राहिला? पाणी ढवळतही नाहीत, त्यामुळे अंगालगत कोमट थर धरतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे तपकिरी चरबीला असा झटका लागतच नाही. अभ्यासांत वापरतात ती सौम्य थंडी : 16 ते 19 अंशांची खोली, पातळ कपडे, एक-दोन तास, आणि हुडहुडी भरू द्यायची नाही. जपानमधल्या 2013 च्या एका अभ्यासात 17 अंशांत रोज दोन तास, सहा आठवडे बसवल्यावर अंगातली चरबी थोडी घटली. हुडहुडी सुरू झाली की उष्णता तयार करण्याचं काम स्नायू करतात. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी गच्चीवर पातळ सदऱ्यात निवांत बसलात तर त्या अभ्यासाच्या जवळपास जाता, तेही फुकट. अजिंक्यतारा चढताना मात्र हा हिशेब लागू नाही, कारण चढण अंग तापवते. आणि सगळं जमलं तरी? दिवसाला 100 किलोकॅलरी जास्त जळाल्या असं धरा. एक किलो चरबीत सुमारे 7700 असतात, म्हणजे 77 दिवस. थंडीने भूक वाढते, आणि एका भाकरीत ती कमाई भरून निघते.

मशीनचा कागद देखणा आहे, पण तो वाचता यायला हवा. ते अंगातून बारीक वीजप्रवाह सोडून अडथळा मोजतं. त्यावरून पाणी आणि पाण्यावरून चरबी काढतं. तपकिरी-पांढरी असा भेद त्याला करता येत नाही. ‘बीएमआर’चा, म्हणजे शरीर स्वस्थ असताना जाळतं त्या ऊर्जेचा, आकडाही सूत्रातून आलेला असतो. पहिली चाचणी गार त्वचेवर आणि दुसरी व्यायामानंतर तापलेल्या त्वचेवर घेतली, तर चरबी न उतरताच कागदावर उतरते. इथे चाचणीची वेळ ठरलेली नाही, ही आमची मुख्य तक्रार. सकाळी उपाशीपोटी, लघवी करून, पाय पुसून, व्यायामाआधी आणि टबाआधी, दोन्ही वेळा तसंच. पेसमेकर असलेल्यांनी मशीनवर चढू नये.

चाचणीला आपल्याकडे मोल आहे, कारण सडपातळ दिसूनही चरबी जास्त असणं भारतीयांत नेहमीचं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3 होता; चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. तरी घरी कापडी टेप ठेवाच. बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेलं की साखर तपासून घ्या.

यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्यांना टबाचा उपयोग आहे, दुखरे पाय हलके वाटतात. वजनं उचलून स्नायू वाढवणाऱ्यांनी व्यायामानंतर लगेच टबात बसू नये, वाढ मंदावते. पहिल्या मिनिटात धाप लागते आणि रक्तदाब चढतो, म्हणून हृदयविकार, न आटोक्यात असलेला रक्तदाब, गरोदरपण किंवा मधुमेहाने बधिर झालेले पाय असतील तर टब नको. बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान काही वेळ उतरत राहतं. अंग कोरडं करून गरम कपडे घाला, कढत पाण्याखाली उभे राहू नका. इथे कपडे बदलायची जागा टबापासून एक जिना खाली आहे. गारठलेल्या पायांनी तो उतरणं धोक्याचं आहे, टॉवेल आणि स्वेटर वरच घेऊन जा. टबाच्या सुट्ट्या फेऱ्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्या, आणि पाण्यात थर्मामीटर टाकल्याशिवाय आत उतरू नका.