भिंतीवरचा ‘नोंदणी क्रमांक’ नीट वाचा

35,300 रुपये. त्यातले 28,800 बारा सेशन्सच्या पॅकेजचे आणि 6,500 ‘असेसमेंट’चे. सगळे आगाऊ, यूपीआयने, क्लिनिकच्या नव्हे तर पोरीसाठी गाठलेल्या सायकॉलॉजिस्ट बाईंच्या स्वतःच्या खात्यात. मुंबईत पोरांसाठी सायकॉलॉजिस्ट शोधणाऱ्या आईवडिलांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

कार्डावर ‘लायसन्स्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’. रिव्ह्यू सगळे पाच स्टारचे. मी नोंदणी क्रमांक विचारला नव्हता असं कुणी म्हणू नये. विचारला होता! बाईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं, “गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहोत, हवा तर फोटो काढा.” मी काढला. तो फोटो आता रोज बघते. क्रमांकाची सुरुवातच ‘उद्यम-एमएच’ अशी आहे. उद्यम! म्हणजे छोट्या उद्योगधंद्यांची नोंदणी, पापडाच्या गृहउद्योगालाही मिळते ती, ऑनलाइन, फुकट. ठळक अक्षरांत डोळ्यांसमोर होतं ते. पण शेजारी पोरगी थरथरत बसली होती, कित्येक रात्री झोप नव्हती तिला. सरकारी रुग्णालयात रांग, नावाजलेल्यांकडे पुढच्या महिन्याची तारीख, आणि इथे उद्याचीच वेळ मिळालेली. माझ्या जागी कुठलीही आई तिथेच गेली असती.

पैशांचं एक वेळ सोडा. या बाईंनी पोरीला सायकिअॅट्रिस्टने दिलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या, “सवय लागते” म्हणून. एकदम बंद! चक्कर, मळमळ, झोपेचं खोबरं. गोळ्या कमी करायच्या की थांबवायच्या, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचं असतं. सायकॉलॉजिस्टने गोळ्यांना हात घातला, की तिथून उठा.

खरा क्रमांक भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा असतो, तो सीआरआर नंबर. परिषदेच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतो, वैधताही दिसते. एखाद्या संघटनेचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. नुसतं एम. ए. सायकॉलॉजी केलं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्यापुढे परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण लागतं.

पोलिसांकडे गेले. “मॅडम, पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, सेशन घेतले, मग फसवणूक कसली?” मी 1992 च्या आरसीआय कायद्याच्या कलम 13 ची प्रिंट पुढे केली. नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद. साहेबांनी कागद न वाचताच परत सरकवला, “हे सिव्हिल मॅटर आहे.” सायबरवाले म्हणाले, समोर बसून दिलेले पैसे आमच्याकडे येत नाहीत. पालिकेच्या आरोग्य खात्यात उत्तर मिळालं की बोगस डॉक्टर असेल तर बघू, या डॉक्टर नाहीतच! मग आम्ही जायचं कुणाकडे? आणि त्याच कलमात दंड किती, तर जास्तीत जास्त 1,000 रुपये. बाई एका सेशनचे 2,400 घेतात. अशा दंडाला कोण भिणार?

पॅकेज घेऊ नका, दर वेळी त्या वेळचेच पैसे द्या. पावतीवर सीआरआर नंबर लिहून मागा, टाळाटाळ झाली की निघा. वेळ मिळेपर्यंत पोरांना धीर हवा असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. यूपीआयचे स्क्रीनशॉट, कार्ड आणि तो उद्यमचा फोटो, सगळं अर्जाला जोडलंय.